“सरळ बस!”

(पाठदुखी, तिचे उपचार व आपली बैठक यांविषयीं एक पाठ)



शिक्षकाच्या तोंडून जन्मभरांत निघणाऱ्या शब्दांची कोणी मोजदाद केली, तर “सरळ बस!” हे शब्द पहिल्या पांचांत खास येतील. आम्हीहि ते वीस वर्षें उच्चारीत आलों आहों. परंतु त्यांनीं कोणाची पाठ सरळ झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. विद्यार्थी क्षणभर ताठ होतो, आमची नजर फळ्याकडे वळतांच पुन्हां होता तसा होतो. तरी आम्ही बोलतच राहिलों; कारण आज्ञा करणें सोपें असतें, विचारपूस करणें कठीण.

कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसत असे. घाटाखालच्या एका खेड्यांतून तो एस्. टी. नें येई. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो एका कुशीवर झुकून, बाकाची कड हातानें घट्ट धरून बसूं लागला. आम्हीं त्याला चारचौघांत किती वेळां दटावलें, हें सांगावयास आज लाज वाटते. तो “हो सर” म्हणे, ओठ दाबून ताठ होई व पुन्हां झुके. त्याची पुढील हकीकत योग्य ठिकाणीं सांगूं. आधीं पाठ म्हणजे काय, ती कां दुखते, व ती दुखूं लागली असतां लोक कोणकोणते उपाय शोधीत फिरतात, याचा विचार करूं. आम्ही वैद्य नव्हों. परंतु मानेचें व पाठीचें दुखणें आम्हीं स्वतः सहा वर्षें सोसलें आहे, आणि त्यापायीं जें शिकलों तें तुमच्यापुढें ठेवणें आम्हांस आपलें कर्तव्य वाटतें.

पाठीची रचना

पाठीचा कणा म्हणजे एक सरळ काठी, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. तेहतीस मणक्यांची ही माळ बाजूनें पाहिली असतां मानेशीं पुढें, छातीच्या भागांत मागें व कमरेशीं पुन्हां पुढें, अशीं वळणें घेत उतरते. पैकीं वरचे चोवीस मणके हालते असतात. खालचे वाढत्या वयांत एकमेकांस जडून जातात. हालत्या मणक्यांच्या मधल्या चकत्या गादीचें काम करतात. तंबूचा खांब जसा भोंवतालच्या दोरांच्या ताणावर उभा राहतो, तसा हा कणा स्नायूंच्या ताणावर उभा असतो.

आतां एक प्रयोग करा. पाण्यानें भरलेली कळशी छातीशीं धरा. बराच वेळ धरवेल. तीच कळशी हात लांब करून धरा. थोड्याच वेळांत हात थरथरूं लागतील. कळशीचें वजन वाढलें नाहीं, अंतर वाढलें. तरफेचा जो नियम तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकतां, तोच हा. मनुष्याच्या डोक्याचें वजन सुमारें पांच किलो असतें. तें खांद्यांच्या बरोबर वर असलें म्हणजे मानेच्या मागील स्नायूंस फारसे श्रम पडत नाहींत. तेंच पुस्तकावर, मोबाईलवर किंवा कापसाच्या झाडावर पुढें झुकलें, कीं त्यास सांभाळण्यासाठीं त्या स्नायूंस कितीतरी अधिक ओढ द्यावी लागते.

मग ताठ बसलें म्हणजे दुखणें टळेल काय? पूर्वीं असें शिकवीत, व आम्हींहि शिकविलें. परंतु नवें संशोधन इतकें सोपें उत्तर देत नाहीं. वांकून बसणाऱ्या पुष्कळांची पाठ दुखत नाहीं आणि ताठ बसणाऱ्या पुष्कळांची दुखते. सर्वांस लागू पडेल अशी एकच निर्दोष बैठक नाहींच. स्नायूंस बाधतें तें मुख्यतः एकाच स्थितींत फार वेळ खिळून राहणें व संवय नसतां एकदम भार पडणें. अपुरी झोप, मनाची काळजी व हालचालीची भीति यांनींहि दुखणें वाढतें.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यास जुनें दुखणें म्हणतात. त्यांत मूळची इजा बहुधा भरून आलेली असते; परंतु मज्जातंतूंची जाणीव तीव्र झाल्यामुळें थोड्याशा ताणानेंहि मेंदूकडे धोक्याची वर्दी जात राहते. तेव्हां वेदना खोटी नसते; पण दर वेळीं दुखतें म्हणजे आंत कांहीं तुटतें आहे, असेंहि नसतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती. एवढ्या मोठ्या समुदायांत कोणीं आपणांस एकटें समजण्याचें कारण नाहीं.

उपचारांच्या वाऱ्या

आमची मान व उजवा खांदा हीं सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासतांना दुखूं लागलीं. घरच्या मंडळींनीं तेल चोळलें, शेक दिला. बरें वाटलें, पण तें एका रात्रीपुरतें. मग कोणी म्हणाले, “उसण भरली आहे, पायाळू माणसाचा पाय लावून घ्या.” जन्मतांना ज्याचे पाय आधीं बाहेर आले त्याच्या लाथेनें उसण निघते, हा समज आपल्याकडे जुना आहे. पदवीधर असूनहि आम्हीं ती लाथ खाल्ली! साधी उसण ही बहुधा थोड्या दिवसांत आपोआप ओसरते. त्या अवधींत ज्याचा पाय लागतो त्याला यश मिळतें. आमचें दुखणें जुनें होतें, म्हणून पायाळूची कीर्ति आमच्यापुरती बुडाली.

त्यानंतर हाडवैद्य झाला, मानेचा पट्टा झाला, मानेस ताण देणारें यंत्र झालें आणि शेवटीं आठवडी बाजारांतील वातावरची पूड झाली. पुडीनें चमत्कार केला. तीन दिवसांत मान मोकळी झाली! पुढें दोन महिन्यांनीं चेहरा सुजूं लागला, तेव्हां एका डॉक्टरांनीं ती हळूहळू बंद करविली. अशा कित्येक बिननांवाच्या पुड्या तपासल्या असतां त्यांत स्टेरॉइड नांवाचें प्रबळ औषध मिसळलेलें आढळलें आहे. तें वेदना झटकन् दाबतें. परंतु बरेच दिवस घेतल्यास हाडें ठिसूळ करतें, रक्तांतील साखर वाढवितें, आणि अकस्मात् सोडल्यासहि अपाय करतें. “झाडपाल्याचें आहे, त्यानें काय होतें?” असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

मग सारे पर्यायी उपचार टाकाऊ समजावे काय? तसेंहि नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जुन्या कंबरदुखीविषयीं सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत दुखण्याचें योग्य ज्ञान देणें, व्यायाम, मालिश, तज्ज्ञाच्या हातून मणक्यांस हालचाल देणें, सुयांचा उपचार व मनाच्या संवयी सुधारणारी शिकवण यांस स्थान आहे. उलट कमरेचे पट्टे व ताण देणारीं यंत्रें यांची नित्याचा उपाय म्हणून शिफारस केलेली नाहीं. म्हणजे आजीबाईचें तेल सर्वस्वी खोटें नव्हतें. तेलानें जें सुख मिळालें त्याच्या जोरावर जें करावयास हवें होतें, तें आम्हीं केलें नाहीं, एवढेंच.

आमची चूक होती ती ही. प्रत्येक उपचार आम्ही निजून राहावें व दुसऱ्यानें करावा, असा होता. घड्याळ दुरुस्तीस टाकावें, तसें आम्हीं आपलें शरीर इतरांच्या हातीं दिलें. आणि परत आल्यावर तेंच शरीर त्याच खुर्चीवर, त्याच उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढें, त्याच रीतीनें नेऊन बसविलें.

दोन उदाहरणें

पहिलें उदाहरण पुण्याशीं संबंध असलेलें आहे. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन हे १९५२ सालीं भारतांत आले. लहानपणापासून व्हायोलिन हनुवटीखालीं धरून त्यांचे स्नायु आंबून गेले होते व शरीरास स्वस्थता मिळत नव्हती. मुंबईस त्यांची गांठ पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार यांच्याशीं पडली. हे अय्यंगार १९१८ सालीं कर्नाटकांत जन्मले व १९३७ सालीं पुण्यास आले. बालपणीं अनेक आजारांनीं त्यांचा देह अगदीं खंगलेला होता. त्यांनीं मेन्युहिन यांस प्रथम स्वस्थ निजण्यास शिकविलें, आणि त्यांस गाढ झोप लागली! पुढें मेन्युहिन त्यांचे शिष्य झाले. त्यांनीं गुरूस एक घड्याळ भेट दिलें. त्यावर, आपणांस लाभलेला हा सर्वांत उत्तम व्हायोलिनशिक्षक, अशा अर्थाचे शब्द कोरविले होते. वास्तविक अय्यंगारांनीं व्हायोलिन शिकविलें नव्हतें. तें धरणाऱ्या देहास शिकविलें होतें. दोर, विटा, घोंगड्या व खुर्च्या यांचा आधार देऊन अशक्त माणसाकडूनहि आसनें करवून घेण्याची त्यांची रीत पुढें देशोदेशीं पसरली. पुण्याची त्यांची संस्था १९७५ सालीं उघडली. ते स्वतः २०१४ सालीं निवर्तले.

दुसरें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया बेटावर १८६९ सालीं जन्मलेल्या एफ्. एम्. अलेक्झांडर यांचें. ते रंगमंचावर नाट्यप्रवेश म्हणून दाखवीत. बोलतां बोलतां त्यांचा आवाज बसे. विश्रांति घेतली कीं येई, रंगमंचावर उभे राहिले कीं पुन्हां जाई. तेव्हां त्यांनीं विचार केला कीं, दोष घशांत नसून आपल्या बोलण्याच्या रीतींत असावा. आरशांपुढें उभे राहून त्यांनीं स्वतःस न्याहाळलें, तों बोलावयास आरंभ करतांच आपण डोकें मागें ओढतों व घसा दाबतों, असें त्यांस दिसून आलें. त्यापूर्वीं त्यांस याची जाणीवच नव्हती. आपणांस जें सरळ वाटतें तें सरळ असतेंच असें नाहीं, हा त्यांचा शोध मोठा मोलाचा आहे. वाईट संवय इतकी अंगवळणीं पडते, कीं तीच स्वाभाविक वाटूं लागते.

हें वाचल्यावर आम्हीं आपल्या मुलीस सांगितलें, “आम्ही पेपर तपासतांना आमच्या नकळत एक फोटो काढ.” तो पाहिला आणि आम्ही चकित झालों. उजवा खांदा कानाशीं भिडलेला, मान गठ्ठ्यावर लोंबलेली, पाय खुर्चीखालीं मुडपलेले! वर्गास वीस वर्षें “सरळ बस” म्हणणारा गृहस्थ तो हाच.

अशा पद्धतींची शास्त्रीय परीक्षाहि झाली आहे. इंग्लंडांत ५७९ कंबरदुखीच्या रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल २००८ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींचाच उपचार घेणाऱ्या गटांतील माणसास वर्षाअखेर चार आठवड्यांत सामान्यतः २१ दिवस वेदना होती. अलेक्झांडर-पद्धतीचे २४ पाठ घेतलेल्यांस ती सामान्यतः ३ दिवस होती. अमेरिकेंत ३२० लोकांच्या प्रयोगांत, बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीहून कमी पडला नाहीं, असें २०१७ सालीं दिसलें. आणि ज्यांच्याजवळ वर्गास जाण्यास पैसा अगर सवड नाहीं, त्यांच्यासाठीं २०२४ सालचा ऑस्ट्रेलियांतील निकाल अधिक महत्त्वाचा आहे. कंबरदुखींतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकीं ज्यांनीं मार्गदर्शनाखालीं हळूहळू वाढवीत नियमित चालण्याचा क्रम ठेवला, त्यांचें दुखणें सामान्यतः २०८ दिवसांनीं उलटलें. इतरांचें ११२ दिवसांनीं. चालण्यास तर एक पैसाहि पडत नाहीं.

आपल्या वऱ्हाडांत व्यायामाची परंपरा नवीन नाहीं. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालूं आहे. त्याचे खेळाडू १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ दाखवून आले. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून आसनांचा परिणाम यंत्रांच्या साहाय्यानें तपासण्यास आरंभ केला. उपचार जुना असो वा नवा, त्यास परीक्षा द्यावयास लावणें हेंच शास्त्र होय.

दप्तर, मोबाईल व शेत

पालकहो, मुलांच्या पाठीवरील भार तुमच्याआमच्या हातीं आहे. महाराष्ट्र शासनानें जुलै २०१५ मध्यें आदेश काढून, दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावें असें ठरविलें. तीस किलो वजनाच्या मुलास तीन किलो, चाळीस किलोच्या मुलास चार. तरीहि २०१६ सालीं चंद्रपूर येथें सातवींतील दोन विद्यार्थ्यांनीं स्वतः पत्रकार परिषद बोलावून आपल्या दप्तरांच्या ओझ्याची तक्रार मांडली. मुलांस पत्रकारांपर्यंत जावें लागलें, यांत आम्हां शिक्षकांसहि लाजण्यासारखें कांहीं आहे. आम्हीं आमच्या वर्गांतील दप्तरें वाण्याच्या काट्यावर तोललीं, तेव्हां बरींच मर्यादेबाहेर निघालीं. आणि त्यांतील निम्मी पुस्तकें त्या दिवसाच्या वेळापत्रकांत नव्हतींच.

मुलांच्या पाठीची चिंता करतां करतां एका पाठीचा मात्र विसर पडतो. आपल्या जिल्ह्यांत कापसाच्या वेचणीच्या दिवसांत घरची आई सकाळपासून ओटी बांधून वांकलेली असते. सायंकाळीं गांठोडें डोक्यावर घेऊन घरीं येते व लगेच चुलीपुढें बसते. तिला “सरळ बस” म्हणणें ही थट्टाच होईल. तिच्यासाठीं उपाय एवढाच, कीं ओटी जड होण्यापूर्वीं रिकामी करावी, मधून मधून उभें राहून पाठ मागें ताणावी, गांठोडीं लहान बांधावीं, आणि घरीं आल्यावर पाण्याची घागर दुसऱ्या कोणीं उचलावी. तें दुसरें कोणी म्हणजे कोण, हें विद्यार्थ्यांनीं ओळखावें.

जेथें घरगुती उपाय चालत नाहींत

आतां त्या मुलाची हकीकत. जानेवारींत पालकांच्या सभेस त्याची आई आली. मुलगा वर्गांत नीट बसत नाहीं, अशी तक्रार करावयाची आम्हीं ठरविलेंच होतें. तेवढ्यांत तीच म्हणाली, “सर, त्याले रातभर झोपच येत नाई. बसलं तरी दुखते, निजलं तरी दुखते. सांज झाली का अंग तापते.”

आमचे शब्द तोंडांतच राहिले. तीन महिने एक हाडवैद्य त्याची पाठ चोळीत होता, आणि तीन महिने आम्ही त्यास दटावीत होतों. दुसऱ्या दिवशीं आईबापांसह आम्ही त्यास सरकारी दवाखान्यांत घेऊन गेलों. तपासाअंतीं पाठीच्या कण्याचा क्षय निघाला. रोगानें पोखरलेला मणका जोरानें दाबणें किती घातक, हें डॉक्टरांनीं सांगितलें तेव्हां बापानें कपाळावर हात मारला. आमचीहि स्थिति निराळी नव्हती. दैवानें पायांची शक्ति गेली नव्हती. क्षयाचीं औषधें सरकारांतून विनामूल्य मिळतात. तीं त्यानें वर्षाहून अधिक काळ एकहि दिवस न चुकवितां घेतलीं. एक वर्ष मागें पडून तो पुन्हां शाळेंत आला व दहावी उत्तीर्ण होऊन गेला.

म्हणून पुढील खुणा घरांतील प्रत्येकानें पाठ कराव्या: रात्रीं झोपेंतून उठविणारी वेदना, सायंकाळचा ताप व घाम, वजन घटणें, पायांस मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा येणें, लघवी वा शौच यांवरील ताबा जाणें, पडल्यानंतर सुरू झालेलें तीव्र दुखणें, पाठीवर एखादा मणका वर आलेला दिसणें, आणि लहान मुलाची सतत दुखणारी पाठ. यांपैकीं एकहि खूण असल्यास तेल नको, चोळणें नको, लाथ तर नकोच, प्रथम डॉक्टर. ताबा जाणें किंवा पाय लुळे पडणें यांत तर एक रात्रहि दवडूं नये.

घरचा पाठ

१. अर्ध्या तासाहून अधिक वेळ एकाच स्थितींत बसूं नये. उठावें, दोन पावलें चालावें, पुन्हां बसावें.

२. डोकें पुस्तकाकडे न नेतां पुस्तक डोळ्यांकडे आणावें. चौरंगावर दोन जाड पुस्तकें ठेवून त्यांवर वही टेकविली तरी काम भागतें. मोबाईलचाहि नियम हाच.

३. दप्तर रोज वेळापत्रक पाहून भरावें, दोन्ही खांद्यांवर घ्यावें, व महिन्यांतून एकदां तोलावें.

४. ओझें अंगाजवळ धरून उचलावें. कळशीचा प्रयोग आठवावा.

५. रोज चालावें. प्रथम दुखत नाहीं इतकें, मग हळूहळू वाढवावें. जुनें दुखणें असलेल्यानें अंथरूण धरून बसूं नये.

६. आपल्या नकळत आपला फोटो दुसऱ्याकडून काढवावा व तो निमूटपणें पाहावा.

आम्ही हे नियम चार वर्षें पाळीत आहों. मान अगदींच दुखत नाहीं असें नाहीं. परीक्षांच्या दिवसांत ती आपली आठवण देते. परंतु पूर्वीं ती आमची धनीण होती. आतां कधींमधीं येणारी पाहुणी आहे.

शुभवर्तमानांत अठरा वर्षें वांकलेल्या, कसेंहि करून सरळ उभें राहतां न येणाऱ्या एका बाईची कथा आहे. ती बरी झाली हें सर्वांस आठवतें. परंतु त्याआधीं प्रभूनें तिला पाहिलें व जवळ बोलाविलें, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. आतां वर्गांत कोणी वांकून बसलेला दिसला, तर आम्ही त्याच्या बाकापाशीं जातों व हळूच विचारतों, “काय रे, कांहीं दुखतें का?” पुष्कळ वेळां उत्तर येतें, “नाहीं सर, कंटाळा आला.” तें उत्तरहि आम्हांस चालतें.

अभ्यासाचे प्रश्न

(अ) छातीशीं धरलेली कळशी व लांब धरलेली कळशी यांतील फरक तरफेच्या नियमानें समजावून सांगा.

(आ) साधी उसण पायाळूच्या लाथेनें गेली असें कां वाटतें? खरें कारण काय असावें?

(इ) तुमच्या वजनाचा दहावा हिस्सा किती? तुमचें दप्तर किती भरतें?

(ई) आज घरीं गेल्यावर आईची पाठ दुखते का, हें तिला विचारा. आणि ती “नाहीं” म्हणाली, तर पाण्याची घागर तरीहि तुम्हीच उचला.